दिसलं ते सांगणाऱ्या गजभिये दीदी

गजभिये दीदींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चपला हातात घेऊन हॉकीच्या मैदानात फिरत होत्या. डिसेंबरातली सकाळ होती, गवतावर दव होतं. सामना अकराला, आणि घड्याळात जेमतेम नऊ वाजत होते. साठीच्या आसपासची एक बुटकी, काळीसावळी बाई, सलवार-कमीजवर निळा लोकरी कोट, एका गोलपोस्टपासून दुसऱ्यापर्यंत अनवाणी चालत होती. उजवा पाय जरासा ओढत होती. मध्येच थांबायची, टाचेने जमीन दाबून बघायची, पुन्हा चालायची. मला वाटलं, काहीतरी पडलं असेल.

"दीदी, कुछ गिर गया क्या?" मी विचारलं.

"नहीं भैया, मैदान देख रही हूँ."

तेवढ्यात बायकोचा फोन आला आणि मी तिच्याशी मराठीत बोललो. फोन ठेवला तर ही बाई माझ्यासमोर उभी. "मराठी आहात काय? कुठले?"

मी म्हटलं, "मूळचे वर्ध्याकडचे. पण वडील इथे जबलपूरला फॅक्टरीत होते, म्हणून इथेच वाढलो."

"मी भंडाऱ्याची. म्हणजे आजी भंडाऱ्याची. मी इथल्याच कांचघरची." आणि लगेच, जणू वर्षानुवर्षांची ओळख असावी तशा, "भाऊ, त्या डाव्या कोपऱ्यात जमीन लय नरम आहे. कॅमेरा तिकडे नका लावू, तिपाई धसते."

त्या दिवसापासून मी 'भाऊ' झालो. बाकी सगळं जबलपूर त्यांना दीदी म्हणत होतं, म्हणून मीही दीदीच म्हणत राहिलो.

मी तेव्हा नुकताच एका चॅनलमध्ये लागलो होतो. चॅनल म्हणजे काय, कमानिया गेटच्या मागे कापडाच्या दुकानावर तीन खोल्या, दोन कॅमेरे आणि एक गाडी. शाळा-कॉलेजचे, क्लबांचे, प्रदेश पातळीवरचे सामने मोबाइलवर थेट दाखवायचे, सोबत हिंदी कॉमेंट्री. सामन्यांचं वेळापत्रक, कॉमेंटेटरांच्या पॅनलची यादी, पत्रव्यवहार, हे माझं काम. पॅनलवर चार माणसं होती, त्यात बाई एकच. प्रमिला गजभिये. तरुणपणी त्या रेल्वेकडून हॉकी खेळल्या, खेळावरच नोकरी मिळाली, गुडघा गेल्यावर टेबलावर बसून क्लार्की केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. चॅनल निघायच्या कितीतरी आधीपासून त्या मैदानावर लाउडस्पीकरवरून सामने सांगत. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई. मग कांचघरच्या त्या दोन खोल्यांत त्या एकट्याच. भाऊ नागपूरला, त्याचं त्याचं कुटुंब.

त्यांची कॉमेंट्री इतरांसारखी नव्हती. बाकीचे तिघे गोल झाला की ओरडायचे, शेर म्हणायचे, पोरींना 'शेरनी' करून टाकायचे. दीदी सांगायच्या ते असं: "गेंद राइट हाफ के पास. राइट हाफ अकेली है. सामने दो डिफेंडर, एक का वज़न बाएँ पैर पर. इधर से निकलेगी. निकल गई." बस. डोळे मिटून ऐकलं तरी मैदान दिसायचं. 'दुर्भाग्य से' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. मी एकदा विचारलं, काहून? तर म्हणाल्या, "गोल हुकला तर हुकला. दुर्भाग्य होतं का तिचा हात हलला, ते मला काय माहीत? दिसलं ते सांगायचं भाऊ, वाटलं ते पोटात ठेवायचं." हे वाक्य त्या नव्या पोरांना शिकवताना इतक्यांदा म्हणायच्या की आमचे संचालकही ते पाहुण्यांना ऐकवायचे.

सामना सुरू व्हायच्या आधी त्या काळं मीठ लावलेला आल्याचा तुकडा दाढेखाली धरत. पहिलं वाक्य उभं राहून बोलत, मग बसत. आणि त्याच्याही आधी दोन्ही संघांच्या पोरींकडे एक वही घेऊन जात. आम्हाला संघाच्या मॅनेजरकडून नावांचा कागद मिळायचाच, पण दीदींना तो चालायचा नाही. "घर में क्या बोलते हैं तुझे? माँ कैसे पुकारती है?" असं विचारून नाव कसं उच्चारायचं ते लिहून घ्यायच्या. बैतूलकडून, मंडल्याकडून आलेल्या पोरी, त्यांची नावं कधी कुणी नीट घेतलेली नसायची. एकीने मला सांगितलं होतं, तिच्या आईने गावात मोबाइल शेजाऱ्यांच्या अंगणात मधोमध ठेवला होता, फक्त ते नाव ऐकायला.

एका अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर लगेच कॅमेऱ्याची केबल गेली. चित्र काळं. आवाज मात्र जात होता. मी खालून हातांनी खुणा करतोय, थांबा, थांबा. दीदींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हमारे दर्शकों को इस समय तस्वीर नहीं मिल रही है," इतकं सांगून त्यांनी सामना पुढे चालू ठेवला. वीसेक मिनिटं त्या एकट्या बोलत होत्या, कोण कुठे उभी, चेंडू कोणाच्या काठीवर, अंपायरचा हात कुठल्या दिशेला. चित्र परत आलं तेव्हा आम्ही पाहिलं, बघणारे कमी झालेच नव्हते. संचालक खूश होऊन हार घेऊन आले. दीदी म्हणाल्या, "हार राहू द्या, केबल नवी घ्या."

आणि एकदा त्या चुकल्या. दुसऱ्या पेनल्टी कॉर्नरवर गर्दीत चेंडू जाळ्यात गेला आणि त्यांनी गोल भलत्याच पोरीच्या नावावर सांगितला. सामना संपल्यावर चूक कळली. कोणीच काही म्हटलं नव्हतं, स्कोअर बरोबरच होता. पण दीदी मैदानापलीकडच्या तंबूत गेल्या, जिचा गोल होता त्या पोरीला शोधून काढलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बेटा, मुझसे ग़लती हुई. गोल तेरा था." पोरगी गोंधळून त्यांच्या पायाच पडायला लागली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात चेंडू हलायच्या आधी त्यांनी ते पुन्हा माइकवर सांगितलं. घरी जाताना गाडीत मला म्हणाल्या, "रात्रभर झोप नाही आली बाप्पा. तिच्या घरी कोणीतरी ऐकत असेल ना."

या सगळ्याच्या मागे किती एकटेपण होतं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. "भाऊ, उद्या अकरालाच ना?" वेळापत्रक मीच त्यांना हातात दिलेलं असायचं. "हो दीदी, अकराला." "गाडी नऊला?" "नऊला." "अच्छा. अन् वहिनीचा खोकला?" मग वहिनीचा खोकला, माझ्या मुलीची परीक्षा, त्यांच्या गल्लीतलं पाणी, असं पंधरा मिनिटं. मला सुरुवातीला वैताग यायचा. एकदा बायको म्हणाली, "त्या वेळ विचारायला फोन करत नाहीत हो." त्यानंतर मी नीट बोलू लागलो. पण 'दीदी, या ना घरी' असं मी वर्षातून दोनदाच म्हटलं असेल. त्या आल्या की आमच्याकडे हसणं-बोलणं व्हायचं. माझी मुलगी मराठी समजते पण बोलायला लाजते. दीदी तिला हॉकीची काठी धरायला शिकवायच्या आणि मुद्दाम मराठीतच सूचना द्यायच्या. जाताना दारात थांबायच्या, चप्पल घालायला फार वेळ लावायच्या.

निवृत्त झाल्यावर भाच्याने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि फेसबुक उघडून दिलं. त्यावर त्या सकाळची फुलं-बिलं टाकत नसत. वर्तमानपत्रात न आलेले पोरींचे निकाल टाकायच्या. कोण जिंकलं, गोल कोणाचे, गोलकीपर कोण. दहा-बारा जण लाइकचा अंगठा द्यायचे, त्यात मी एक.

जिच्यामुळे पुढचं सगळं झालं ती गोष्ट गेल्या थंडीतली. निवडणुका जवळ आल्या होत्या. ज्या मैदानावर पोरी सराव करायच्या, ते पंधरा दिवस एका सभेसाठी घेतलं गेलं. मंडपाचे खांब रोवायला खड्डे केले. सभा झाली, मंडप गेला, खड्ड्यांत पेंढा कोंबून वर माती टाकली. दीदी सवयीप्रमाणे चपला हातात घेऊन फिरल्या आणि त्यांना अकरा खड्डे सापडले. मैदान सांभाळणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, ते म्हणाले, भर देंगे दीदी. तिसऱ्या दिवशी सरावात आरतीचा पाय त्यातल्याच एका खड्ड्यात गेला. आरती सोळा वर्षांची, राइट इन खेळायची. पुढच्या महिन्यात तिला प्रदेशाच्या शिबिराला जायचं होतं. दीदी तिथेच होत्या. त्यांनी पाय मांडीवर घेऊन पाणी ओतलं, रिक्षाने दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं, घोटा सुजला होता.

त्या संध्याकाळी दीदींनी सुजलेल्या घोट्याचा आणि खड्ड्याचा फोटो टाकून लिहिलं: "सभा के लिए मैदान चाहिए था, मिल गया. गड्ढे हमारी बेटियों के हिस्से आए. आरती आज गिरी है. अगली बार वोट माँगने आइए तो इस मैदान पर नंगे पाँव चलकर आइए."

पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही. पण सभा कोणाची होती हे गावाला माहीत होतं. दुसऱ्या बाजूच्या कोणीतरी ते उचललं, त्यावर आमच्या चॅनलच्या पाटीसमोर माइक धरलेला दीदींचा फोटो चिकटवला आणि सगळीकडे पाठवलं. सकाळपर्यंत त्या काहींसाठी वाघीण झाल्या होत्या आणि काहींसाठी विकलेल्या. आडनाव वाचून जे लिहायचं तेही लोकांनी लिहिलं. मी फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळं वाचलं मी भाऊ. नावंही वाचली. दोघं तर आपल्याच मैदानावर येणारे निघाले."

संचालकांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. चॅनल जाहिरातींवर चालायचं, मैदानांच्या परवानग्यांवर चालायचं, आणि त्या दोन्हींचे फोन त्यांना आदल्या रात्रीपासून येत होते. त्यांनी ड्रॉवरमधून दोन पानं काढली. सोशल मीडियाबाबतचे नियम. पॅनलवरच्या कोणीही राजकीय मत जाहीर मांडू नये. त्यावर दीदींची सही होती. सही मीच घेतली होती, इतर दहा कागदांबरोबर. "नोटिस बनाओ," ते म्हणाले. "सात दिन का समय दो." मी टाइप केली आणि पोचवायलाही मीच गेलो.

दीदींनी मला बसवलं, चहा टाकला, शेव आणली. मग चष्मा लावून नोटीस वाचली. पेन मागितलं. मला वाटलं, पोचपावतीची सही करतात. त्यांनी माझ्या नोटिशीतल्या 'अनुशासनात्मक' मधला सुटलेला 'त' लिहिला आणि कागद परत दिला. "माझी प्रत अशीच नीट करून द्या," त्या म्हणाल्या. मी हसलो, त्याही हसल्या. मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"मी काय चुकीचं लिहिलं भाऊ?"

"चूक नाही दीदी. पण ते वोटवालं वाक्य..."

"हाव. ते वाक्य वाटलेलं होतं. दिसलेलं नव्हतं. ते माझं चुकलं, त्याची माफी मागते. पण खड्डा होता. त्यात मी हात घातला, कोपरापर्यंत गेला."

त्यांनी तसंच उत्तर लिहिलं. वोटवाल्या वाक्याबद्दल खेद आहे, खड्डे मात्र खरे आहेत. संचालक वाचून म्हणाले, यात पुढचं अर्धं वाक्य नको. खड्ड्यांची माहिती खातरजमा न करता दिली, एवढं त्यांनी लिहावं, मग मी सगळं सांभाळतो. मला पुन्हा पाठवलं. चौकशी दुसऱ्या दिवशी होती.

मी गेलो तेव्हा दुपार होती. मी समजावू लागलो. लिहून टाका ना, दोन ओळी तर आहेत, चार महिन्यांत सगळे विसरतात. दीदी ऐकून घेत होत्या. इतक्यात दार वाजलं. आरतीचे वडील होते. उंच, वाकलेले, एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर चालवायचे. आत बसा म्हटलं तरी बसेनात.

"दीदी, आपने तो भला ही किया," ते म्हणाले. "पर ठेकेदार ने बुलाया था. बोला, तेरी बेटी का नाम बहुत चल रहा है. फिर कैंप वालों का फ़ोन आया. झगड़े वाली लड़की नहीं चाहिए उनको." ते थांबले. "मैंने लिख के दे दिया. लड़की से भी साइन करा लिया. कि वो घर की सीढ़ी से गिरी थी."

बाहेर भाजीवाल्याची हाक गेली.

"आपकी पोस्ट रहेगी तो लोग पूछते रहेंगे, दीदी. दोनों में से एक ही सच रहेगा ना."

दीदींनी विचारलं, "पैर कैसा है उसका?"

"सूजन उतर गई. कल से दौड़ी थोड़ा."

"टखने पर पट्टी बाँध के दौड़े. अभी महीना भर." मग त्यांनी फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला, बोटाने वरखाली केलं आणि माझ्याकडे धरला. "भाऊ, हे पुसायचं कसं? मला फक्त टाकता येते."

मी म्हटलं, "दीदी, आज पुसलं तर उद्या ते म्हणतील खोटं होतं म्हणूनच पुसलं."

"हाव, म्हणतील."

"मग काहून?"

"पोरगी खेळली पाहिजे ना."

मी जागा दाखवली. बटण त्यांनी स्वतः दाबलं. आरतीचे वडील हात जोडून उभे होते. ते गेल्यावर दीदी माझ्याकडे वळल्या. "हे इथलं इथेच राहील भाऊ. उद्या तिथे बोलायचं नाही. बोललात तर त्या पोरीची सही खोटी होते."

मी मान हलवली. खरं सांगतो, त्यांनी मला मनाई केली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला बोलावं लागणार नव्हतं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, नोकरी एवढीच होती. पण ओझं उतरलं ते मला आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही.

चौकशी संचालकांच्या खोलीत झाली. एक वकील होते, संचालक होते, आणि लिहून घ्यायला मी. दीदी निळा कोट घालून आल्या. आल्या आल्या वकिलांनी विचारलं, पोस्ट आहे की काढली?

"हटा दी है," दीदी म्हणाल्या.

"मतलब जानकारी ग़लत थी?"

संचालकांचा आवाज मऊ होता. "दीदी, आप ही तो सबको सिखाती थीं, जो दिखे वो बोलो. तो बताइए. गड्ढा दिखा था या नहीं दिखा था?"

त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं मला जमलं नाही. मी कागदावर बघत राहिलो. घड्याळाचा आवाज येत होता, खाली कापडाच्या दुकानात कोणी मीटरवर कापड टरकावत होतं. त्या बाईने आयुष्यात एक गोल चुकीच्या नावावर सांगितला म्हणून रात्र जागून काढली होती.

"लिखिए, हटा दी है," त्या शेवटी म्हणाल्या. "इससे आगे मुझे कुछ नहीं कहना."

वकिलांनी मला मजकूर सांगितला. 'संबंधित कॉमेंटेटर ने पोस्ट स्वयं हटाई, जिससे जानकारी का असत्य होना स्पष्ट है.' असत्य या शब्दावर माझं पेन थांबलं. दीदींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि ती नजर मदत मागणारी नव्हती. मी काही करून बसू नये म्हणून धाक घालणारी होती. मी लिहिलं. पुढील आदेशापर्यंत त्यांना पॅनलवरून बाजूला ठेवावं असं ठरलं. दीदी उठल्या, खुर्ची टेबलाखाली सरकवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी जिना उतरल्या.

त्यानंतर जे झालं ते आवाज न करता झालं. ज्यांनी त्यांना वाघीण म्हटलं होतं त्यांनी आता 'डर गई' लिहिलं. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या ते जिंकले. मैदानावरच्या पोरींना त्यांच्या मॅनेजरांनी सांगितलं, दीदींपासून जरा लांब राहा. पॅनलवर एक तरुण मुलगा आला, आवाज चांगला होता, तो शेर म्हणायचा. ऑफिसात दोघं-तिघं म्हणाले, त्यांचं काय जातंय, पेन्शन तर आहे. पेन्शन होतीच. दीदींचं काय गेलं ते कुठल्याही कागदावर दाखवता येण्यासारखं नव्हतं, त्यामुळे काही गेलं असं कोणाला वाटलं नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी माझा फोन वाजेनासा झाला. पहिले दोन आठवडे माझ्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "दीदींचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत." मी म्हटलं, करतो मी. केला नाही. काय बोलणार होतो? एकदा कांचघरला दुसऱ्या कामाने गेलो होतो, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. आरती शिबिराला गेली, तिथून प्रदेशाच्या संघात निवडली गेली. आमच्याच चॅनलने तिची मुलाखत घेतली. प्रश्न मी काढून दिले होते. घोट्याचा प्रश्न त्यात नव्हता.

त्यांना शेवटचं पाहिलं ते या थंडीत. पुतणीच्या लग्नाला मी बसने नागपूरला निघालो होतो. तिलवाऱ्याला पुलाच्या अलीकडे बसचं चाक बसलं. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा घंटा. लोक उतरले, मीही उतरलो. चहाच्या टपरीच्या बाजूला सिमेंटच्या बाकावर, नर्मदेकडे तोंड करून दीदी बसल्या होत्या. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओळखायला क्षणभर चुकलो, कारण निळा कोट नव्हता, एक करडी शाल होती आणि केस फार पांढरे झाले होते. मी दुसरीकडे जाऊ शकलो असतो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"दीदी."

त्या वळल्या आणि इतक्या मनापासून हसल्या की मला खाली बघावं लागलं. "अरे भाऊ! या ना, बसा बसा. कुठे जाऊन राहिले?" त्यांनी पिशवी उचलून बाकावर माझ्यासाठी जागा केली. चहा मागवला. लग्नाची चौकशी केली, मुलगी कॉलेजात काय शिकते ते विचारलं. मी विचारलं, तुम्ही इथे कशा?

"येते मी. आठवड्यातून दोन-तीनदा. बसते दुपारपर्यंत, मग जाते. घरी काय करू? इथे लोक येऊन जाऊन राहतात, बरं वाटते." मग आपणहून म्हणाल्या, "आरती दिसली होती मागे बाजारात. मैत्रिणी होत्या सोबत. मला पाहून दुकानात शिरली. लाजली पोरगी." आणि थोडं थांबून, "चालते छान आता. मी मागून पाहिलं. पाय बिलकुल ओढत नाही."

मी म्हटलं, "दीदी, मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

"मीच नाही म्हटलं होतं ना."

"तरी."

नदीवर एक नाव पलीकडे जात होती. नावेत बायका होत्या, कोणीतरी गात होतं, पण इथवर शब्द येत नव्हते. ड्रायव्हरने चाक चढवलं होतं, क्लीनर हाका मारू लागला. मी उठलो तेव्हा त्यांनी शालीचं टोक सावरलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या यादीत माझं नाव आहे का हो अजून? पुढील आदेशापर्यंत म्हटलं होतं, म्हणून विचारते."

पॅनलची नवी यादी मीच टाइप केली होती, दिवाळीनंतर. त्यात चार नावं होती. त्यांचं नव्हतं.

"आहे ना," मी म्हटलं. "आहे दीदी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरची पोरगी कुठल्या पायावर वजन टाकून उभी आहे, ते ज्यांना कळत होतं, त्यांच्यापासून मी एका हातावर उभा होतो.

"बरं," त्या म्हणाल्या. "जा भाऊ, गाडी हॉर्न मारून राहिली. वहिनीला सांगा मी विचारलं म्हणून."

बस पुलाकडे वळली. मी मागच्या काचेतून पाहिलं. दीदींनी दोन्ही रिकामे पेले टपरीवर नेऊन ठेवले, परत येऊन बसल्या, आणि मी बसलो होतो त्या जागेवर आपली पिशवी ठेवली.